सोळा सेकंदांची प्रार्थना

त्या टेबलावर कपडे वाळत घालायचे एकवीस चिमटे होते. त्यांतल्या चारांच्या स्प्रिंगा सैल झालेल्या. रबराचे तीन चेंडू होते. दोऱ्यात ओवायचे चाळीस मणी, हात शेकायला गरम मेणाचे एक भांडे, एक नोंदवही आणि एक मी. भिंतीवर एक लाकडी क्रूस होता आणि त्याच्या शेजारी एक घड्याळ. घड्याळ पावणेअकराला बंद पडले होते आणि ते खाली उतरवायला कोणाला सवड झाली नव्हती. खोलीला दार एकच. दाराबाहेर एक लांब बाक.

मित्रांनो, मी हाताची पकड मोजणारे एक जुने यंत्र आहे. माझी मूठ पोलादी आहे, पोटात तेल आहे आणि तोंडावर गोल तबकडी आहे. माणूस मूठ आवळतो, तेल दाबले जाते, काटा सरकतो. काटे दोन आहेत. माणसाने हात सैल केला की काळा काटा लगेच शून्यावर येतो. लाल काटा मात्र जिथवर पोचला तिथेच उभा राहतो. त्याला मागे आणायला कोणाचे तरी बोट लागते. माझी सारी अक्कल त्या लाल काट्यात आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यावर रंगाचा एक ओरखडाही नव्हता. मला लाकडी पेटीत घालून या रुग्णालयात आणले. रुग्णालय सिस्टर लोकांचे. त्यांच्यातल्या मोठ्या सिस्टरनी मला पहिल्यांदा हातात घेतले, आवळले, आणि काटा पाहून म्हणाल्या, "अगंबाई, माझ्यात अजून दम आहे म्हणायचा!" पुढे कित्येक वर्षे मी कौतुकात काढली. हमाल, शिंपी, गवंडी, धोबी अशा किती जणांचे हात माझ्यावरून गेले याचा हिशेब नाही. सोळा किलोवरून बावीसवर काटा गेला म्हणून रडणारा दणकट लोहारही मी पाहिला आहे.

मोजण्याची रीत ठरलेली होती. कोपर काटकोनात, एका हाताचे तीन दाब, दोन दाबांच्या मध्ये अर्धे मिनिट विश्रांती. घड्याळ बंद पडल्यावर हे अर्धे मिनिट कसे मोजायचे, हा प्रश्न आला. मोठ्या सिस्टरनी तो चुटकीसरशी सोडवला. ज्याला येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना येते त्याने ती एकदा म्हणायची, ज्याला येत नाही त्याने तीसपर्यंत आकडे मोजायचे. शांतपणे म्हटली तर प्रार्थनेला अठ्ठावीस ते एकतीस सेकंद लागतात. मोठ्या सिस्टर गेल्या, पण त्यांची ही रीत मागे राहिली.

अशा त्या खोलीत एका सोमवारी बाइंडरबाई आली.

चाळिशीची, सडसडीत, बोटांच्या पेरांत डिंकाचे पिवळे डाग मुरलेले. ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून पुस्तके बांधायचे दुकान चालवत होती. आईवडील गेल्यावर हिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. कागद कापायच्या यंत्रात पाते खाली येण्याआधी एक जाड लोखंडी पट्टी येते आणि गठ्ठा दाबून धरते. पायाखालची कळ दाबली की ती पट्टी उतरते. अपघाताच्या दिवशी हिने गठ्ठा सारखा करायला उजवा हात आत घातला आणि हात निघाला असे समजून भावाने कळ दाबली. पाते खाली आले नाही, तेवढे नशीब. पण तळहाताची तीन हाडे मोडली आणि शिरा चेचल्या. प्लास्टर निघाले तेव्हा तिचा तो हात वाळलेल्या पानासारखा आत वळलेला होता.

पहिल्या दिवशी उजव्या हाताने काटा दोन किलोपर्यंत नेला. डाव्याने सव्वीसपर्यंत.

"डावा झकास आहे," व्यायाम शिकवणारी मॅडम म्हणाली. वयाने लहान, बोलायला मोजूनमापून. आकडा लिहिल्यावर तो पुन्हा एकदा वाचून बघणारी. "उजवा येईल हळूहळू."

"पूर्ण येईल?"

मॅडमने पेन खाली ठेवले. "नाही. निम्म्यापर्यंत आला तरी खूप झालं. खोटं कशाला सांगू?"

बाईने मान हलवली. तिला धक्का बसलेला दिसला नाही. मग ती हलकेच म्हणाली, "बाहेर माझा भाऊ बसलाय. त्याला सांगता का, अजून वीस मिनिटं लागतील म्हणून?"

मॅडमने दार उघडून सांगितले. बाकावरच्या माणसाने नुसती मान डोलवली. दोघांच्यात अंतर होते जेमतेम दहा पावलांचे.

हे असे दर सोमवारी आणि गुरुवारी चालायचे. तो तिला घेऊन यायचा, बाकावर बसायचा, परत न्यायचा. पण एकमेकांशी अवाक्षर नाही. "त्याला सांगा, छत्री विसरू नको." "तिला सांगा, औषधं घेऊन ठेवलीत." मॅडम आपली आत-बाहेर करायची.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सुतारकाका चिमटे दाबत बसलेले असायचे. करवतीने त्यांची दोन बोटे खाल्ली होती, जीभ मात्र शाबूत होती.

"बाई, बाहेरचा तो पुतळा तुमचाच ना?"

"भाऊ आहे."

"बोलत नाही वाटतं?"

"मीही बोलत नाही."

"वा! म्हणजे घरात शांतता. आमच्याकडे या, माझी बायको आणि सून दोघी तुम्हाला उसन्या देतो."

बाई हसली नाही. काकांनी पुढचा चिमटा उचलला.

आठव्या आठवड्यात माझ्यावर बालंट आले. बाईच्या उजव्या हाताचे आकडे होते पाच, तीन, दोन. पहिला दाब बरा, मग घसरगुंडी. दर वेळी तसेच. मॅडमने मागची पाने उलटली आणि कपाळाला आठी घातली. डाव्या हाताचेही तसेच होते: सव्वीस, बावीस, एकोणीस. डावा हात तर धडधाकट होता. म्हणजे दोष जखमेत नव्हता.

मग दोष कोणात? टेबलावर सगळ्यांत म्हातारे कोण, तर मी.

"याचं तेल गळतंय बहुतेक," मॅडम म्हणाली. "नवीन मागवायला हवं."

मित्रांनो, इतकी वर्षे इमानाने चाकरी केल्यावर हे ऐकणे फार जिव्हारी लागते. पण मॅडम नुसत्या संशयावर निकाल देणारी नव्हती. तिने मला दोरीने टांगले आणि माझ्या मुठीला एकेक वजन लावले. पाच किलोला मी पाच दाखवले, दहाला दहा. वीसला साडेएकोणीस दाखवले. तेवढी चूक माझ्या वयाला शोभून दिसते. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच. मी सुटले.

मग उरली फक्त विश्रांती. गुरुवारी मॅडमने मनगटावरचे घड्याळ काढून मांडीवर ठेवले. सुतारकाकांची प्रार्थना एकोणतीस सेकंदांची भरली. त्यांच्यानंतरच्या धोबिणीची तीस. बाइंडरबाई मनातल्या मनात म्हणायची, फक्त ओठ हलायचे. ओठ थांबले, तिने "हं" म्हटले आणि हात माझ्याकडे आला.

सोळा सेकंद.

दुसऱ्यांदा मोजले. पुन्हा सोळा.

"बाई, तुम्ही प्रार्थना पूर्ण म्हणत नाही का?"

बाईचा चेहरा एकदम उतरला. चोरी पकडली गेल्यासारखी ती माझ्या तबकडीकडे बघत राहिली.

"रोजच्या अन्नाचं मागणं आहे ना, तिथपर्यंत येते," ती म्हणाली. "त्याच्या पुढं नाही जात."

पुढची ओळ क्षमेची आहे हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होते. आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. मॅडमने दाराकडे पाहिले. काकांनीही पाहिले.

"साहजिक आहे," मॅडम म्हणाली. "एवढं झाल्यावर त्याला क्षमा करणं..."

"त्याला?" बाई पटकन म्हणाली. "मला गाडीत घालून इकडं आणलं तेव्हाच मी त्याला क्षमा केली होती. त्याची काय चूक? हात मीच घातला होता आत."

"मग?"

बाईने वळलेला हात मांडीवर ओढून घेतला. मग सांगू लागली, ते थांबत थांबत, जणू एकेक पान सुटे करून समोर ठेवत होती.

त्यांच्या घरी रोज प्रार्थना व्हायची. सगळे मिळून म्हणायचे, पण क्षमेची ओळ आली की सगळे गप्प. ती ओळ घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने सगळ्यांच्या वतीने म्हणायची, असा आईचा नेम. आई म्हणायची, लहान्याच्या मनात अढी कमी असते, त्याच्या तोंडून देव लवकर ऐकेल. धाकटा मोठा वस्ताद. मुद्दाम वेळ लावायचा, सगळ्यांना ताटकळत ठेवायचा. मग ही त्याला चिमटा काढायची आणि तो ओरडतच ती ओळ म्हणायचा. आईवडील गेल्यावर दोघेच उरले, तरी नेम मोडला नाही. दुकान बंद करताना ती दोघे प्रार्थना म्हणायची आणि ती एक ओळ तो म्हणायचा.

"ती ओळ मी जन्मात कधी एकटीनं म्हटलेली नाही, मॅडम. तिथं आले की आपोआप थांबते. आणि आता म्हणायला तो नाही."

"बाहेरच तर आहे!"

"मी त्याला काय बोलले ते तुम्हाला माहीत नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पट्टी वर घेतली, तो माझा हात धरायला धावला, आणि मी दुकानात चार लोकांसमोर ओरडले, हात नको लावूस, तू माझा कोणी नाहीस. तेव्हापासून त्याचा आवाज गेला. त्याला वाटतं मी त्याला माफ केलं नाही. आणि मी कोणत्या तोंडानं त्याच्याशी बोलू? क्षमा मला मागायची आहे. माझी अर्धी प्रार्थना कुठं पोचणार? छताला लागून खाली पडत असेल. हे असले हात तर धड जोडताही येत नाहीत."

सुतारकाकांनी चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"बाई, तो बघा," ते भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट करून म्हणाले. बोट अर्धेच होते. "सुतारच होता तो. माझ्याच धंद्यातला. त्याचे हात तरी शेवटी कुठं जोडलेले होते? खिळलेले होते. आणि त्यालाही शेवटी सगळं शांतपणे म्हणता आलं नाही, ओरडलाच तो. तुमचं तुटकं बोलणं त्याला कळणार नाही, तर कोणाला कळणार?"

मॅडमने मांडीवरचे घड्याळ उचलले. "मला यातलं फार समजत नाही," ती म्हणाली. "पण विश्रांती कमी पडतेय, हे नक्की. असं करा, त्या ओळीपाशी थांबा आणि तिथंच थांबून राहा. घड्याळ मी बघते. अर्धं मिनिट झालं की सांगते."

"तेवढा वेळ काय करू?"

"काही नको. हात ठेवा नुसता."

त्या दिवसापासून बाई सोळा सेकंद ओठ हलवायची आणि चौदा सेकंद गप्प बसायची. हात माझ्या मुठीवर असायचा. दाब नसायचा, काटा जागचा हलायचा नाही. पण तिच्या तळहातात एक कंप असायचा, आणि कधी कधी छातीतून एक कण्हणे यायचे, ज्यात शब्द नव्हता. मित्रांनो, मला किलो कळतात. त्या चौदा सेकंदांत त्या बाईच्या आतून जे वर जात होते, ते मोजायला माझ्या तबकडीवर आकडे नाहीत. एवढेच सांगू शकते की इतक्या हातांमध्ये इतके जड काही माझ्यावर टेकले नव्हते.

आकडे सुधारले. पाच, पाच, चार. मॅडमने ते दोनदा वाचले. बाई मात्र दिवसेंदिवस खंगत होती.

बाराव्या आठवड्यातल्या गुरुवारी मॅडम बाहेरून निरोप घेऊन आली ती दारातच घुटमळली.

"बाई, तो म्हणतोय की आज शेवटचं. त्याला दूरच्या गावी छापखान्यात काम मिळालंय. उद्या सकाळी निघतोय. सोमवारपासून शेजारची वहिनी तुम्हाला घेऊन येईल."

बाईचा डावा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला.

"परत कधी येणार?"

"तसं काही म्हणाला नाही."

मेणाच्या भांड्यात बुडबुडा फुटलेला ऐकू आला. मग बाई म्हणाली, "त्याला सांगा, नीट जा म्हणावं. गरम कपडे घे म्हणावं."

मॅडम जागची हलली नाही. "नाही सांगणार."

"काय?"

"तीन महिने तुमचे निरोप वाहतेय. छत्री, औषधं, चपला, सगळं सांगितलं. हे नाही सांगणार. हे तुमचं तुम्ही सांगा." ती रागावली होती की तिला रडू येत होते, ते मला कळले नाही. तिने जाऊन दार सताड उघडले. "हवा कोंडलीय इथं. आणि आज प्रार्थना मोठ्यानं म्हणा. मला वेळ नीट मोजायचाय."

सुतारकाका दोऱ्यात मणी ओवू लागले. त्यांना मणी कोणी सांगितले नव्हते.

बाईने पहिला दाब दिला. मग ती मोठ्याने म्हणू लागली. आवाज फाटका, बसलेला. देवाच्या नावाबद्दल म्हणून झाले, राज्याबद्दल झाले, अन्नाचे मागणे झाले. मग ती थांबली. दाराबाहेर काही हालचाल नव्हती. एखादा मणी टेबलावर घरंगळला. अर्धे मिनिट झाल्याचे मॅडमने सांगितले.

दुसरा दाब. बाईचे डोळे मिटलेले होते. तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी आवाज आणखी लहान होता. नाव. राज्य. अन्न. थांबली.

तिचे ओठ एकदा उघडले. "देवा," एवढेच ती म्हणाली, आणि तेही प्रार्थनेतले नव्हते.

आणि बाहेरच्या बाकावरून ती ओळ आली. घोगरी, अडखळत, मध्येच तुटलेली. पण सगळी आली.

बाईने डोळे उघडले नाहीत. पुढचे शब्द तिच्याकडून म्हटले जाईनात. दारात तो उभा होता, टोपी हातात चुरगाळत, तिच्या वळलेल्या हाताकडे बघत. बाहेर ती तो पदराखाली झाकून ठेवायची; त्या दिवसानंतर त्याने तो उघडा पाहिलाच नव्हता.

"चिमटा न काढता म्हटलीस रे आज," बाई म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. "मी तुला बोलले ते... चार लोकांत... मला माफ कर रे..."

"आक्का, गप. गप ना आक्का." तो तिच्या खुर्चीपाशी खाली बसला. "मी तर रोज म्हणतो की. तू आत आलीस की बाकावर बसून तेवढीच म्हणतो. बाकीची म्हणायची माझी हिंमत होत नाही. ती तू म्हणायचीस ना नेहमी."

मॅडमच्या हातातले पेन तसेच राहिले.

म्हणजे मित्रांनो, ती प्रार्थना बारा आठवडे त्या ओळीपाशी तुटलीच नव्हती. अर्धी दाराच्या आत म्हटली जात होती आणि ती ओळ दाराबाहेर. दोघांनाही वाटत होते की आपले अर्धे कोठेच पोचत नाही. ज्याने ऐकायचे होते, त्याला मधले दार आडवे येत नव्हते.

भाऊ गेलाच. काम स्वीकारलेले होते, आणि दुकानातल्या त्या यंत्राची कळ पायाने पुन्हा दाबणे त्याच्याने होणार नव्हते. त्याची पत्रे यायची, बाई ती डाव्या हाताने धरून काकांना वाचून दाखवायची. दुकान बंद झाले. तिचा उजवा हात नऊ किलोंच्या पुढे गेला नाही आणि पुस्तके शिवायची सुई तिला पुन्हा धरता आली नाही. ती आणखी अकरा वेळा आली. अकराही वेळा प्रार्थनेत त्या ओळीपाशी थांबली, तेवढा वेळ जाऊ दिला आणि मग पुढची म्हणाली.

नंतर बॅटरीवर चालणारे नवे यंत्र आले. आकडा आपोआप दाखवते, विश्रांती संपली की शीळ घालते. मला कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आहे. तेल आता खरेच गळते. लाल काट्याला मागे आणायला कित्येक महिन्यांत कोणाचे बोट लागलेले नाही. त्याचे वाईट वाटते, पण तक्रार करायची नाही.

मागणे एकच आहे. तुमच्या घरी, शेजारी, वर्गात एखादे दुखावलेले माणूस असेल. त्याचे बोलणे अर्ध्यावर तुटत असेल, त्याची प्रार्थना तुम्हाला अपुरी वाटत असेल. त्याच्यावर बालंट घेण्याआधी थोडे थांबा. त्याला त्याचे पूर्ण अर्धे मिनिट द्या. आणि मधले दार बंद असेल तर तेवढे उघडा.

त्या गुरुवारी मॅडमने नोंदवहीत लिहिले ते असे: उजवा हात. पहिला दाब पाच किलो. विश्रांती तीस सेकंद. दुसरा दाब पाच किलो. विश्रांती सात मिनिटे दहा सेकंद. तिसरा दाब चार किलो.